माझ्या पोटातली संचिताची हळद

मी एक म्युझिक प्लेयर आहे. काडेपेटीएवढा, काळा, तीन बटणांचा. सध्या बोलतोय तो वायरींच्या पेटीतून. मला आता ना कुणी चालू करू शकतं, ना पुसून कोरा करू शकतं.

नऊ वर्षांपूर्वी प्रीतमने मला कल्याणच्या एका दुकानातून आणलं. प्रीतमचा मंडप आणि साउंडचा धंदा. घोडबंदर रोडला टॉवरच्या रांगा आहेत ना, त्यांच्या मागच्या आगरी गावात त्याचं घर. गाणी ऐकायला म्हणून त्याने मला घेतलं आणि तिसऱ्याच दिवशी शेजारच्या संचिताच्या हळदीला खिशात घालून नेलं.

तिथे मी पहिल्यांदा शेवंतीआतेला ऐकलं. ती प्रीतमची सख्खी आत्या आणि गावाची धवलारीण. आमच्याकडे लग्नातले विधी भटजीच्या आधी धवलारणीच्या तोंडून होतात. ती धवले गाते, म्हणजे लग्नाची गाणी, आणि कोणी कधी पुढे यायचं, हळद कोणी आधी लावायची, हे गाण्यातूनच सांगते. प्रीतमने माझं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि मला तिच्याजवळच्या पाटावर ठेवलं.

"हळद लागली गो संचिताबायला,
पयला मान आयेचा गो, दुसरा बापाचा..."

दोन तास ती गात होती. एकही श्वास मी सांडू दिला नाही. त्या दिवशी वाटलं, आता हा आवाज माझा झाला.

पुढे एकदा एका लग्नाला आतेला ताप होता. प्रीतमने मला स्पीकरला जोडलं आणि तिचे धवले वाजवले. काम निभावलं. मग एका हॉलवाल्याने सांगितलं, तासाभरात आटपा, फोटोवाले थांबलेत. पुन्हा मीच. हळूहळू लोक प्रीतमलाच विचारायला लागले, "तुझ्याकडे धवल्यांचं आहे ना रे? तेच लाव." आतेकडे जाणं कमी झालं. तिने कधी तक्रार केली नाही. प्रीतमच्या घरी आली की टेबलावर पडलेल्या माझ्याकडे एकदा बघायची आणि चहा घ्यायची.

मला वाटायचं, मी जिंकलो. पण एक गोष्ट मला आतून कुरतडत होती. मी वाजायला लागलो की बायका साड्यांबद्दल बोलायच्या. कोणी माझ्याबरोबर गात नसे. शिवाय नवरी कोणीही असो, मी आपला "संचिताबायला" म्हणत राहायचो. पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या. म्हाताऱ्या म्हणायच्या, "शेवंती असती तर नाव घेतलं असतं." ते ऐकलं की माझा जळफळाट व्हायचा. आवाज तोच, शब्द तेच, उलट माझ्यात तिचा गळा जास्त तरुण होता. मग लोकांना तीच का आठवावी?

गेल्या मे महिन्यात प्रीतमच्या बहिणीचं, ऐश्वर्याचं लग्न ठरलं. त्यांची आई तीन वर्षांपूर्वी वारली होती. हॉल घेतला होता, सगळं वेळेत बसवायचं होतं. प्रीतम आतेला म्हणाला, "आते, तुझे गुडघे दुखतात. या टायमाला आरामात बस, पाहुणी म्हणून. धवले मी लावतो."

"बरा," एवढंच ती म्हणाली.

घरच्या हळदीत मला मान मिळाला आणि सख्खी आत्या मागच्या खुर्चीत. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

संध्याकाळी पाच वाजता ऐश्वर्या पाटावर बसली. प्रीतमने मला सुरू केलं. "हळद लागली गो संचिताबायला, पयला मान आयेचा..." आणि तिथेच मी अडकलो. आयेचा, आयेचा, आयेचा. तोच शब्द, पुन्हा पुन्हा, भल्या मोठ्या स्पीकरमधून. आई नसलेल्या पोरीसमोर. मी मुद्दाम केलं नाही, माझ्या आत काहीतरी गोठलं होतं. ऐश्वर्याने मान खाली घातली. प्रीतम धावत आला आणि त्याने माझी वायर उपटली.

त्याने बटण वीस सेकंद दाबून धरलं. सोडलं. पुन्हा धरलं. स्क्रीनवर गाण्याचं नाव तसंच. वाटीतली हळद सुकायला लागली. बायका एकमेकींकडे बघत बसल्या.

ऐश्वर्या मागे वळून म्हणाली, "आते, तू म्हण ना."

"मना कोनी बोलवलाय?" आते म्हणाली. "मी पावनी हाय."

"मी बोलवते. चुकलं आमचं."

प्रीतम खुर्चीपाशी गेला. "आते, माझंच चुकलं. चल." तो हात द्यायला वाकला. तिने हात धरला नाही. गुडघ्यावर तळवा टेकून स्वतःच उठली, पाटाजवळ गेली आणि ऐश्वर्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"हळद लागली गो ऐश्वर्याबायला,
पयला मान आयेचा गो, आय गेली देवाघरा,
आयेच्या जाग्यावर आते उभी मांडवदारा..."

दुसऱ्या ओळीला तिचा आवाज फाटला. ती खोकली, थांबली, पुन्हा सुरू झाली. माझ्यातली ती एकदाही खोकत नाही. तरी बायका तिच्यामागे गायला लागल्या, आधी दोघी, मग सगळ्या. पहिली हळद आतेनेच लावली. ऐश्वर्या रडली आणि प्रीतम हॉलच्या दारातल्या मांडवाच्या दोऱ्या तपासायच्या निमित्ताने बाहेर गेला. मी स्पीकरवर पडून सगळं ऐकत होतो. इतका हेवा मी आयुष्यात कुणाचा केला नाही. ती ओळ माझ्यात नव्हती. ती कुणातच नव्हती, तिने तिथेच केली होती.

लग्नानंतर प्रीतम मला ठाण्याला स्टेशनजवळ पोपटशेठच्या दुकानात घेऊन गेला. पोपटशेठने माझी बॅटरी काढून पुन्हा लावली, मला लॅपटॉपला जोडलं, आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल. आतलं सगळं जाईल. काही महत्त्वाचं आहे?"

प्रीतमकडे धवल्यांची दुसरी कॉपी नव्हती. "कॉपी काढून देता येईल?" त्याने विचारलं. पोपटशेठने दोनदा प्रयत्न केला. नावं दिसत होती, पण एकही फाइल उघडत नव्हती. तेव्हा प्रीतमने आतेला फोन लावला.

मला खात्री होती की ती नाही म्हणेल. इतक्या वर्षांपूर्वीचा तिचा चांगला गळा माझ्याकडे होता. ती म्हणेल, थांब रे, ठेव तो तसाच.

"आते, त्यातले तुझे धवले पुसून टाकू का?"

"पूस ना," ती म्हणाली. "त्याच्यात संचिताची हळद हाय. ती कवाच झाली. तिला दोन पोरा झाली."

तिला माझी गरजच नव्हती. मी इतकी वर्षं जिच्यावर जळत होतो, तिच्या हिशेबी मी कुठे नव्हतोच.

पोपटशेठने फॉरमॅट दिला. झाला नाही. दुसऱ्या पद्धतीने दिला, तिसऱ्यांदा दिला. प्रत्येक वेळी तोच निरोप, फॉरमॅट पूर्ण होऊ शकला नाही. त्याने मला लॅपटॉपमधून काढलं.

"मेमरी गेली याची. आता हा नवीन काही घेणार नाही आणि जुनं सोडणार नाही. फेकून दे."

प्रीतमने फेकलं नाही, वायरींच्या पेटीत टाकलं. हल्ली हळदीचं काम आलं की तो आधी आतेला विचारतो, मग तारीख पक्की करतो. रिक्षाने तिला नेतो, उंच खुर्ची देतो, माईक लावतो. माईकची वायर याच पेटीतून निघते, त्यामुळे प्रत्येक हळदीला मीही असतो. कधी देवयानीबाय, कधी उर्वीबाय. प्रत्येक घराची ओळ वेगळी. बायका गातात आणि मी अंधारात संचिताला धरून बसतो.

तुमच्या घरी हळद निघाली तर तुमच्या गावात जी कोणी धवलारीण उरली असेल, तिला बोलवा. पाहुणी म्हणून नको, गायला बोलवा. माझ्यासाठी फक्त एवढं करा, ती गायला लागली की ही पेटी जरा लांब नेऊन ठेवा.