कंदील असलेली घरं

गांधारी दर्शन सोसायटीत हॅलोविन करायचं ठरलं तेव्हा हॅलोविन म्हणजे काय, हे फक्त मुलांना ठाऊक होतं. मोठ्यांना एवढंच कळलं की मुलं भुतं होऊन दारोदार चॉकलेटं मागत फिरणार आणि त्यात कुणाचं तरी मूल जिन्यावरून पडणार. म्हणून सुरक्षेचं काम सुहास सरांकडे आलं.

सुहास सर महाडच्या एका हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवत. सोसायटीचे सेक्रेटरीही तेच. वीस मार्चला चवदार तळ्यावर गावोगावची माणसं येत, तेव्हा सर दरवर्षी कोपऱ्यावर पाण्याचा स्टॉल लावत आणि फोटोत मागच्या रांगेत उभे राहत. पुढच्या रांगेत उभं राहणं त्यांना बरं दिसत नसे.

सरांनी नियम मनापासून केले. काळे कपडे घालणाऱ्या भुतांनी पाठीवर चमकणारी पट्टी लावायची, कारण हायवेला जाणारे बाइकवाले सोसायटीच्या आवारातून आडवाट मारतात. मुखवटा नको, त्यातून पायरी दिसत नाही. तोंडाला रंग चालेल. मेणबत्ती नाही, टॉर्च. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. घरी दाखवल्याशिवाय काही खायचं नाही. घोळका सोडून कुणी एकट्याने जायचं किंवा थांबायचं नाही. सोबत मोठं माणूस हवंच.

राहता राहिला बी विंगमधला दोनशे तीन नंबरचा फ्लॅट. तिथे एमआयडीसीत काम करणारी तीन बॅचलर पोरं भाड्याने राहत. त्यांनी आजवर कुणाला त्रास दिला नव्हता आणि हाच आयांचा मुख्य आक्षेप होता.

"एवढी शांत असतात हो सर, आत काय करतात कळतच नाही," खजिनदार मैनाताई म्हणाल्या.

आता अमुक घरी जाऊ नका असं ग्रुपवर लिहिणं नागरिकशास्त्रात बसेना. सरांनी चहा पिता पिता तोडगा काढला. ज्या घराला दारात किंवा बाल्कनीत आकाशकंदील आहे, त्याच घराची बेल वाजवायची. दिवाळी सरली होती, तरी कंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहतातच. बॅचलर पोरं कशाला लावतात कंदील? कुणाचं नाव घ्यायला नको, कुणाला दुखवायला नको. ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली. सरांना त्या दिवशी चहासुद्धा जास्त गोड लागला.

सरांच्या आई काशीबाई पोलादपूरकडच्या गावाहून चार दिवसांसाठी आल्या होत्या. नात अनुष्का तोंडाला पांढरा रंग फासून, हातात पिशवी घेऊन उभी राहिलेली बघून त्या म्हणाल्या, "तू ल्हान व्हतास तवा शिमग्याला पोस्त मागत दारोदार हिंडलास, तं बापाने फोकाने हाणला व्हता तुला. आता पोरीला पिशवी देऊन धाडतोस व्हय रे?"

"आई, हे वेगळं आहे. हे इंग्लिश आहे."

"मंग ठीक हाय."

सरांनी त्यांना कंदिलाचा नियम समजावून सांगितला. काशीबाईंनी मान डोलावली. "हां, हे बरं केलंस. आपल्या गावची पालखी पण तशीच फिरते. आपली आपली घरं घ्यायची, खालच्या वाडीला वळायचं नाय. कुणाला काय सांगाया लागत नाय. पालखीला रस्ता ठाऊक असतो."

सर तेव्हा शिट्टी शोधत होते. शिट्टी सापडली आणि ते खाली आले.

खाली ऋत्विक त्यांचीच वाट बघत होता. अंगभर खडूने हाडं काढलेला काळा टी-शर्ट, पाठीवर चमकणारी पट्टी दोनदा चिकटवलेली. ऋत्विक म्हणजे दोनशे चारमधल्या प्रियदर्शिनी मॅडमचा मुलगा. मॅडम नाते गावच्या शाळेत शिक्षिका होत्या. मे महिन्यात राहायला आल्या होत्या.

"काका, आमच्याकडे नक्की या हां. सरप्राइज आहे. मी आणि आईने केलंय."

"येणार म्हणजे येणारच," सर म्हणाले आणि त्याची पट्टी ओढून बघितली. घट्ट होती. नियम नीट वाचलेलं हे एकच मूल दिसल्याने सरांनी त्याला घोळक्याचा पुढारी केला आणि शिट्टी त्याच्या गळ्यात घातली. ऋत्विकची छाती हाडांसकट फुगली.

ए विंग व्यवस्थित पार पडली. दोन भुतं भांडली, एका चेटकिणीला शू लागली, बाकी काही झालं नाही. मागून मैनाताई आणि आणखी दोघी आया मोबाईलवर व्हिडिओ काढत होत्या. बी विंगचा दुसरा मजला आला तेव्हा सर जवळजवळ निर्धास्त झाले होते.

तिथे दोनशे तीनच्या दारावर नवाकोरा, लालभडक आकाशकंदील लटकत होता. किमतीचं लेबलही काढलेलं नव्हतं.

"ग्रुपवर वाचलं सर," दार उघडून रितेश म्हणाला. हा तिघांतला थोरला. "म्हटलं पोरं येणार, आपला कंदील नाय. मार्केटात शेवटचाच उरला होता." त्याने परातभर चॉकलेटं आणली होती. मुलांनी लूट केली. मैनाताईंनी व्हिडिओ थांबवला.

मग मुलं शेजारच्या दाराकडे वळली आणि एकदम ओरडली. दोनशे चारच्या चौकटीवरून पांढऱ्या साडीचं भूत लोंबत होतं. काळ्या कागदाची वटवाघळं भिंतीवर उडत होती. दारातला दिवा लाल जिलेटिनने झाकला होता. साऱ्या सोसायटीत एवढी मेहनत कुणी घेतली नव्हती.

अनुष्काने बेलकडे हात नेला आणि मागे घेतला. "बाबा, इथे नाही ना जायचं? कंदील नाहीये."

सर बघत राहिले. खरंच नव्हता. या घरात दिवाळीचा कंदील असणारच नव्हता, हे सरांना चांगलं ठाऊक होतं. गृहप्रवेशाला ते इथे आले होते. समोर बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, त्यापुढे उभं राहून ते समतेवर चार शब्दही बोलले होते. फक्त नियम करताना हे घर त्यांच्या डोळ्यांपुढे आलं नव्हतं.

"चालेल गं, वाजव," ते म्हणाले.

"का चालेल?"

"ओळखीचं आहे."

"मग ओळखीच्या घराला कंदील लागत नाही?"

"सर, तुम्हीच नियम मोडलात तर उद्या मुलं कुणाचं ऐकणार?" मैनाताई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा आवाज हळू असला की सगळ्यांना ऐकू जात असे.

सरांनी काय करावं? त्यांनी खिशातून मोबाईल काढला. मोबाईलमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं, पण तेवढा वेळ गेला. आणि तेवढ्यात दार उघडलं.

प्रियदर्शिनी मॅडम काळी साडी नेसून, पुठ्ठ्याची उंच टोपी घालून उभ्या होत्या. हातातल्या ताटात पेढे होते आणि प्रत्येक पेढ्याला मनुकांचे दोन डोळे लावलेले. त्या चेटकिणीसारखं हसणार होत्या. तोंड तसं केलंही होतं. मुलं उंबऱ्यापासून लांब, घोळका करून उभी आहेत आणि कुणी बेल वाजवलेली नाही, हे त्यांना दिसलं. त्यांनी तोंड मिटलं.

शेवटी पुढाऱ्याने निर्णय घेतला.

"आई, आपलं घर सेफ नाहीये," ऋत्विक म्हणाला. तक्रार नव्हती, माहिती होती. "कंदील नाहीये ना. मी नंतर येतो." त्याने शिट्टी फुंकली. "चला, लाइन करा. तिसरा मजला."

भुतं लाइन करून वर गेली. एकट्याने थांबायचं नाही या नियमाप्रमाणे ऋत्विकही गेला. आया गेल्या. मुलांसोबत मोठं माणूस हवंच, असा सरांचाच नियम होता. सरही गेले.

फेरी संपल्यावर सर ऋत्विकला सोडायला परत आले. मॅडमनी टोपी काढून ठेवली होती. साडीचं भूतही उतरवून घडी करून ठेवलं होतं.

"मॅडम, चूक झाली माझी."

"कसली? कुणी पडलं नाही, कुणी हरवलं नाही. छान झालं की सगळं."

"तो नियम दुसऱ्याच कारणासाठी होता हो. तुमच्यासाठी नव्हता."

"ते कळलं मला, सर. वाचला होता मी." मॅडमनी ऋत्विकच्या पाठीवरची पट्टी सोडवायला घेतली. "मला वाटलं, मुलं काय एवढी बारकाईने वागतात! पण तुम्ही फार चांगलं शिकवलंत त्यांना."

ताट दारातल्या स्टुलावर होतं. सगळे पेढे सरांकडे बघत होते. निदान एक तरी घ्यावा म्हणून त्यांनी हात पुढे केला.

"काका, तुम्ही नका घेऊ," ऋत्विक घाईने म्हणाला. "कंदील नाहीये आमच्याकडे."

त्याच्या डोळ्यांत टोमणा शोधून सरांना बरं वाटलं असतं. नव्हता. पोरगा खरोखरच त्यांना जपत होता.

"दे काकांना," मॅडम म्हणाल्या. "मोठ्यांना चालतं."

सरांनी पेढा जिन्यातच उभं राहून खाल्ला. घरी नेला असता तर आईने विचारलं असतं, कुणाकडचा.

घरी येऊन ते स्टूल घेऊन थेट बाल्कनीत गेले आणि कंदील उतरवू लागले. निदान आपला तरी नसावा, एवढंच त्यांना सुचलं. हुकातून दोरी सुटली तोच समोरच्या बाल्कनीतून मैनाताईंची हाक आली.

"अगंबाई! सर, काय झालं? गावाकडे कुणी गेलं का?"

आतून काशीबाई लगबगीने बाहेर आल्या. "कंदील का उतरवतोस रे? पुनव व्हायची हाय अजून. सुतक आलंय काय आपल्याला?"

सर स्टुलावर, हातात विझलेला कंदील. उत्तर अगदी सोपं होतं, एका वाक्यात मावणारं. वीस मार्चला स्टॉलवर त्यांनी ते माइकवरूनही सांगितलं असतं. समोरच्या बाल्कनीत आता मैनाताईंचे मिस्टरही येऊन उभे राहिले.

"काही नाही," सर म्हणाले. "बल्ब गेला होता."

त्यांनी चांगला बल्ब काढून पुन्हा तोच बसवला आणि कंदील होता तिथे टांगला. समोर बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर रितेशने दारावरचा लालभडक कंदील आता बाल्कनीत लावला होता. शेजारच्या दोनशे चारच्या खिडकीत दिवा होता. अगदी साधा, घरातला.