डाव्या कानातला टॉवर

दादाने तिसऱ्यांदा नकारार्थी मान हलवली तेव्हा माझं डोकंच सटकलं. सकाळपासून मी त्याच्या चार सीटांच्या विमानात पॅनेलखाली उताणी पडून नवा स्टिरिओ इंटरकॉम बसवत होते, मान पार अवघडून गेली होती, आणि हा आपला पायलटच्या डाव्या सीटवर ऐसपैस बसून म्हणतोय, "डावीकडे काहीच येत नाही गं."

जुन्या इंटरकॉमवर दोन्ही रेडिओ एकात कालवल्यासारखे यायचे. टॉवर बोलतोय की हवामानवाला, पत्ता लागायचा नाही. नव्यात मी टॉवर डाव्या कानात सोडला होता आणि हवामान उजव्यात. दादाला विचारलं नव्हतं. धाकट्या बहिणीने सगळंच विचारत बसायचं तर कामं व्हायची कधी?

"तूच काहीतरी उलटसुलट जोडलं असशील," तो म्हणाला. बावीस वर्षं विमान उडवतोय, पण घरातला फ्यूज मला बोलावून बदलतो, आणि शहाणपण मला शिकवतो.

मी जॅक उघडला, तारांचे सांधे नव्याने झाळले, हेडफोनही बदलला. माझ्या कानाला लावला तर टॉवर खणखणीत. कुणाला तरी धावपट्टी मोकळी असल्याचं सांगत होता. दादाच्या डोक्यावर चढवला की मुका. आमच्या धंद्यात खोट आधी तारेत शोधतात, मग जॅकमध्ये, मग हेडफोनमध्ये. त्यापुढे शोधायला जागाच नसते.

शेवटी वैतागून मी हेडफोन काढला आणि उलटा करून त्याला घातला, डावा भोंगा उजव्या कानावर.

"हां, आता कसा टॉवर आला," दादा खुशीत म्हणाला. "पण हवामान गेलं."

मी त्याच्या दाराशी उभी होते ती तशीच राहिले. तो काय बोलून बसला हे त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण चेहरा उतरला. मी हेडफोन काढून घेतला.

"किती दिवस झाले, दादा?"

"कशाला?" मग तो स्वतःच म्हणाला, "तीन वर्षं. त्या तापात डावा कान गेला. उजव्यावर भागतं माझं. शेजारी बसणारा उजवीकडेच असतो, कुणाला कळायचंय? तपासणीचे डॉक्टर ओळखीचे आहेत, कानाशी फारसे थांबत नाहीत."

"आणि उजवा?"

"तो बरा आहे. मधूनमधून शिट्टी वाजते. परवा टॉवरने मला वळायला सांगितलं ते तिसऱ्या हाकेला कळलं, एवढंच."

एवढंच म्हणे. माझा लेक गेल्याच आठवड्यात मामाबरोबर उडून आला होता. रागही असा आला की त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात, आणि रडूही यायला लागलं.

"दोन्ही परत एकात करून टाक," दादा म्हणाला. "आणि विमानाच्या वहीत सगळं ठीक म्हणून सही कर. उद्या सकाळी तिघांना घेऊन जायचंय." हेडफोन माझ्या हातातून घेऊन त्याने नीट घातला, जणू विषय संपला.

"उद्या तू उडणार नाहीस," मी म्हणाले. तो रेडिओचं बटण फिरवत राहिला. मी त्याच्या डाव्या हाताला उभी होते, हातभर अंतरावर.

मी विमानाच्या नाकाला वळसा घातला, उजव्या सीटवर बसले, दुसरा हेडफोन चढवला आणि माइक ओठांशी ओढला. "दादा, उद्या तू उडायचं नाहीस. मी सही करणार नाही."

बटणावरचा त्याचा हात थांबला. समोर बघतच तो म्हणाला, "परत बोल."

ऐकू आलं नाही वाटून मी परत बोलले, सावकाश, एकेक शब्द. माझा आवाज मधेच फाटला.

त्याने मास्टर स्विच बंद केला, किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि हेडफोन उतरवला.

"पहिल्याच वेळी ऐकलं होतं मी," दादा म्हणाला.