गुडघ्याइतकी गाडी

मिस्त्रीनं आपल्या पिकअपची उंची खाली आणायला घेतली, तेव्हा गॅरेजातल्या कारागिरांना वाटलं, मालकांना पन्नाशीत शौक सुचला. गाडी जमिनीला टेकवून मिरवणारे हौशी लोक त्याच्याकडे येत आणि त्यांची पाठ वळली की तो त्यांची यथेच्छ टिंगल करी. पण ही गाडी मिरवायची नव्हती. महिनाअखेरच्या रविवारी बाबांना वृद्धाश्रमात पोचवायचं होतं, आणि बाबांनी गाडीत आपल्या पायांनी बसावं एवढंच मिस्त्रीला हवं होतं.

घरात ठरून दोन महिने झाले होते. बायको काही वावगं बोलली नव्हती. बाबा न्हाणीघरात दोनदा पडले, ती दिवसभर नोकरीवर, हा गॅरेजात, मग बघणार कोण? फक्त बाबांना कुणी सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणत नवराबायको एकमेकांच्या तोंडाकडे बघत आणि मग भाजीत मीठ कमी पडल्याचं बोलत.

अर्धांगवायूनं बाबांचे उजवे हातपाय गेले होते आणि पिकअपचं सीट होतं कमरेच्या वर. उचलून घालायचं म्हणजे गल्लीभर तमाशा. शिवाय उचलून नेलं की घालवून दिलं असंच लोक म्हणणार. स्वतःहून चढून बसले, तर ते आपणहून गेले असं सांगायची सोय राहते. मिस्त्रीचं डोकं हे असं चालायचं. बोल्ट हलत नसेल तर पाना बदलायचा, बोल्टाला काय वाटतं ते विचारायचं नाही.

त्यानं मागचे स्प्रिंगचे पाटे काढून तिथे रबरी फुगे बसवले. त्यांत हवा भरली की गाडी वर, सोडली की खाली. चाकांचा एक्सल गाडीच्या सांगाड्याला, चासीला, आपटू नये म्हणून चासी कापून वर कमान वेल्ड केली. पुढेही तसेच फुगे, मग कॉम्प्रेसर, टाकी, नळ्या. केबिनमध्ये वरखाली करायची बटणं आणि हवेचा दाब दाखवणारे दोन काटे, एक पुढचा, एक मागचा. तीन आठवडे तो दुसऱ्या कुठल्या गाडीला शिवला नाही.

आणि बाबा? चाळीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, त्याला जणू नवा जन्म मिळाला. रोज खुर्ची टाकून गाडीशेजारी बसायचं, डाव्या हातानं नळ्यांच्या जोडांवर साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडा दिसला की जड जिभेनं ओरडायचं. मागे माल वाढला की तेवढ्याच उंचीला दाब जास्त लागतो, हे मिस्त्रीनं काटा दाखवून समजावलं. दोन पोती टाकून, दोन पोती काढून बाबांनी ते चार वेळा करून घेतलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "पोरगा माझ्यासाठी करतोय." मिस्त्रीनं तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. तो मान खाली घालून जोड आवळत राहिला. ते त्याला छान येत होतं.

रविवारी सकाळी बायको स्वयंपाकघराचं दार लोटून आत बसली. एक चक्कर मारून येऊ, असं मिस्त्रीनं बाबांना सांगितलं आणि बटण दाबलं. फुस्स करत गाडी खाली बसली. बाबांनी डाव्या हातानं दांडी धरली, टेकले, विजारीला धरून मेलेला पाय आत ओढला आणि हसले. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. त्यानं गाडी चालवण्याइतकी वर घेतली.

बाबांनी काट्यांकडे पाहिलं.

त्यांची ट्रंक, गादी, लोखंडी पलंग हे सगळं मिस्त्रीनं पहाटेच मागे भरून वर ताडपत्री बांधली होती. दुसऱ्या कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता. ह्याच्या बापाला तो काटा वाचायला ह्यानंच शिकवलं होतं.

"मागे काय आहे?"

"थोडं सामान."

"रिकाम्या गाडीला काटा तिसावर असतो. आज पस्तिसाच्या पुढे आहे. कुणाचं सामान?"

मिस्त्री किल्लीशी चाळा करत बसला. बाबांनी घराकडे पाहिलं, लोटलेल्या दाराकडे पाहिलं आणि त्यांना दुसरं काही विचारायची गरज उरली नाही.

"काम चांगलं झालंय," ते म्हणाले. "कुठेच गळत नाही."

त्यापेक्षा त्यांनी आईबहिणीवरून शिव्या घातल्या असत्या तरी मिस्त्रीनं आनंदानं ऐकल्या असत्या. बाबांनी डावा हात लांब करून बटण दाबलं आणि गाडी पार वरपर्यंत चढू दिली.

"तिथे पोचल्यावर खाली करायची नाही. मला उचलून उतरव. सगळ्यांच्या देखत."

वृद्धाश्रमाच्या फाटकाशी सेविका चाकांची खुर्ची घेऊन उभी होती. ओसरीवर पाच-सहा म्हातारे बाकावर बसले होते. आज नवीन कोण येतंय ते बघायला त्यांनी माना वर केल्या. गाडी खाली होते असं फोनवर सांगितलं होतं ना, असं सेविकेनं विचारलं. मिस्त्रीचा हात सवयीनं बटणाकडे गेला. बाबांचा तळहात आधीच त्यावर झाकण घालून होता.

तो उतरून पलीकडे गेला. एक हात पाठीमागे, एक गुडघ्यांखाली घालून त्यानं बापाला उचललं. बाप इतका हलका झाला असेल असं त्याला वाटलं नव्हतं. बाबांनी चांगला हात त्याच्या गळ्यात टाकला नाही, स्वतःच्या पोटावर घट्ट धरून ठेवला. मिस्त्रीला रडू फुटलं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

सेविका चांगल्या मनाची होती. खुर्ची पुढे सरकवत तिनं कौतुकानं विचारलं, "मुलगा का तुमचा?"

"नाही," बाबा म्हणाले. "मिस्त्री आहे."