नापासशेठचं मत

बाजारात रंगाचं दुकान चालवणाऱ्या त्या माणसाला सगळे नापासशेठ म्हणत. कॉलेजच्या पहिल्याच वर्गात त्याने तीनदा आपटी खाल्ली होती आणि ती गोष्ट तो स्वतःच चवीने सांगायचा. मग लोकांनी तरी जिभेला कुलूप का घालावं?

पुढे हाच माणूस व्यापारी मंडळाचा अध्यक्ष झाला. नेमकं त्याच वर्षी नगरपालिकेने विचारलं, की गावातलं सरकारी कॉलेज पूर्वीसारखं बिनफीचं करायचं तर दुकानांवरचा कर वाढवावा लागेल, मंडळ तयार आहे का? हल्ली मुलं फीसाठी कर्ज काढत होती. पण मंडळ नाही म्हणालं, की विषय संपला.

शेजारच्या कापडवाल्याला तो संपायलाच हवा होता. धंदा आधीच मंदा, त्यात दुष्काळात तेरावा महिना कोणाला हवाय? तो आणि नापासशेठ लंगोटीयार. सभेच्या दिवशी सकाळीच येऊन त्याने बजावलं, की तू फक्त उठून आपली कहाणी सांग. लोकांचा पैसा कसा वाया जातो याचा तुझ्याएवढा चालताबोलता पुरावा दुसरा नाही. नापासशेठ हसून बरं म्हणाला. या मित्राला नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती.

दुपारभर गिऱ्हाइकांना रंग कालवून देताना मात्र त्याला ते दिवस आठवत राहिले. वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी त्याला सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा दाखवला होता. विटा रचाव्यात तशा त्यातल्या खोल्या बघून तो इतका हरखला, की तास संपला तरी डोळा काढेना. बाई रागावल्या नाहीत. दिवा चालू ठेवून शेजारी वह्या तपासत बसल्या. परीक्षेत त्यातलं एक अक्षर लिहिता आलं नाही, हा भाग वेगळा. ग्रंथालयात पंख्याखाली काढलेल्या डुलक्या, कुंपणावर बसून केलेल्या नसत्या उठाठेवी! वडील हमाली करायचे, पण फीचा विषय घरात कधी निघालाच नाही. किती सुखाचे दिवस होते ते. ते आपल्याला कोणीतरी दिले होते, हे इतक्या वर्षांत त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सभेत हात वर झाले ते दोन्हीकडे सारखेच. गाडं अध्यक्षाच्या मतावर येऊन अडलं. कापडवाला निर्धास्त बसला होता.

"मी नापास झालो हे खरं," नापासशेठ म्हणाला. "पण पैसा वाया गेला असं काही मला म्हणवत नाही. माझं मत करवाढीला."

कापडवाला सावकाश उभा राहिला. शाळा संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी वडिलांनी त्याला दुकानात बसवलं होतं.

"तू रोज माझ्या दुकानावरून शीळ घालत कॉलेजला जायचास," तो म्हणाला. "मी कापड मोजत बसायचो. तुझ्या त्या शिळेचे पैसे मी का भरायचे?"

"त्याचं उत्तर माझ्याकडे नाही रे," नापासशेठ म्हणाला. "पण आताची पोरंही तुझ्या दुकानावरूनच जातात. त्यांतलं कोणी शीळ घालताना ऐकलंयस?"

कापडवाला पिशवी उचलून निघून गेला. ठराव मंजूर झाला, चार जणांनी नापासशेठची पाठ थोपटली. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. मित्र रोज आपल्याकडे बघत होता आणि आपण एकदाही त्या दुकानात डोकावलो नाही, एवढंच त्याच्या मनाला लागून राहिलं.