मनिलाचं चित्र

उन्हाळ्यात एखाद्या दुपारी आकाशाला लहर आली, की जपानच्या दक्षिण टोकाला आमच्या माकुराझाकीत परदेशातलं टीव्हीचं चित्र पाच-दहा मिनिटं घरात उतरतं. ते पकडायचा आम्हा चौघा मित्रांना नाद आहे. या कामाला दोन माणसं लागतात. एकानं छपरावर अँटेनाचा खांब फिरवायचा, दुसऱ्यानं खाली पडद्याकडे बघून ओरडायचं.

माझा खांब माझी बायको फुमियो फिरवायची. ती गेल्या हिवाळ्यात वारली. आता मी मोटर बसवली आहे. बटण दाबलं की खांब फिरतो, उलटून बोलत नाही.

चौघांपैकी नाकाझोनोचं घर माझ्या घरामागेच आहे. तिथलं बोलणं मला रोज ऐकू येतं. तो खालून हुकूम सोडतो आणि त्याच्या पत्नी सेत्सुकोबाई छपरावरून विचारतात, "डावीकडे म्हणजे कुणाच्या? तुमच्या की माझ्या?" मग दोघं भांडतात. ते ऐकलं की माझं जेवणावरचं मन उडतं.

गेल्या रविवारी आम्ही त्याच्याकडे जमलो, तेव्हा त्यानं एक फोटो पुढे केला. मनिला मिळालं म्हणाला. मनिला आमच्यापैकी कुणालाच मिळालं नव्हतं. मी आणि फुमियोनं त्यासाठी कितीतरी उन्हाळे घालवले होते. उरलेल्या दोघांनी, उएमुरा आणि साकोदानं, त्याची पाठ थोपटली. सेत्सुकोबाई तळलेल्या माशाच्या वड्या वाढत होत्या. छपरावरच्या उन्हात मान कशी भाजली, ते त्यांनी कॉलर ओढून दाखवलं.

मी फोटो हातात घेतला. मुंग्या-मुंग्यांच्या पडद्यावर एका बाईचा चेहरा होता आणि खाली गोल घड्याळ. अक्षर एकही दिसत नव्हतं. पडद्याशेजारी नाकाझोनोचं भिंतीवरचं घड्याळही होतं. वेळेचा पुरावा म्हणून ते फोटोत घ्यायचंच, असा आमचा नियम आहे. कौतुक म्हणून बघणाऱ्याला जे दिसलं नसतं, ते मला दिसलं. दोन्ही घड्याळांत तीन वाजले होते.

"नाकाझोनो," मी म्हणालो, "मनिलाचं घड्याळ आपल्यापेक्षा तासभर मागे असतं ना?"

उएमुरानं भिंग मागितलं, बघितलं आणि मान हलवली. कोरियाची वेळ आपलीच. खांबाचं तोंड दक्षिणेला होतं, पण अँटेना पाठीमागूनही थोडं ओढते. उत्तरेकडून कोरियाचं चित्र मागच्या बाजूनं शिरलं होतं.

नाकाझोनोचे कान लाल झाले. मला बरं वाटलं. पण ते क्षणभरच.

"म्हणजे मी भाजले ती कोरियाला पाठ दाखवून?" सेत्सुकोबाई म्हणाल्या.

नाकाझोनोला हसू आवरेना. "अगं, उद्यापासून परत चढावं लागेल."

"चढेन. पण चहा तुम्ही करायचा. आणि मोठ्यानं ओरडायचं नाही, मी काही बहिरी नाही."

"बहिरी नसतीस तर मनिला कधीच आलं असतं."

सगळे हसले. सेत्सुकोबाईंनी माझ्या बशीत आणखी एक वडी ठेवली. मी त्याच्याकडून मनिला काढून घेतलं होतं आणि त्या दोघांना अख्खा उन्हाळा देऊन बसलो होतो.

मासे वाळत घातलेत, उलटायला हवेत, असं सांगून मी उठलो. रविवारी आमचा मासे वाळवायचा कारखाना बंद असतो, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.