भरावावरचा तरवड

"यल्लाप्पा, हा सगळा तरवड संध्याकाळपर्यंत मुळासकट निघाला पाहिजे. उद्या दुपारी मोठ्या साहेबांची जीप याच रस्त्यानं येणार आहे."

कुंडलच्या रस्त्यावर सायकल स्टँडला लावून ओव्हरसियर गंगाधरराव सांगत होते. यल्लाप्पा या रस्त्याचा मैलकुली. चौदा वर्षं तो इथले खड्डे भरत होता. त्यानं भरावाकडं पाहिलं. मोरीपासून वळणापर्यंत तरवड पिवळाजर्द फुलला होता.

"न्हाई निघायचा, रावसाहेब."

"म्हणजे?"

"म्हंजी मी काढणार न्हाई."

साठ सालच्या पावसात हा भराव तीनदा ओढ्यात गेला होता. तेव्हा यल्लाप्पाची बायको हरणाबाई याच रस्त्यावर मुरमाच्या पाट्या वाहायची. तिनं माळावरून तरवडाच्या शेंगा ओच्यात भरून आणल्या, भरावावर टाकल्या आणि टाचेनं दाबत गेली. तरवड मुरमात जगतो आणि शेळी त्याला तोंड लावत नाही, एवढं तिला ठाऊक होतं. त्यानंतर भराव हलला नाही. हरणाबाई मात्र यंदाच्या वैशाखात गेली.

गंगाधररावांना हे माहीत होतं. "बायकोची आठवण म्हणून सरकारी रस्त्यावर झुडपं ठेवायची का?"

यल्लाप्पा कुदळ घेऊन खाली उतरला आणि कडेचं एक फुललेलं झुडूप खणायला लागला. बराच वेळ गेला. अखेर कमरेइतकं लांब मूळ वर आलं, मुरूम मुठीत धरल्यासारखं. तशी वरची कड सरकली, स्टँड खचलं आणि गंगाधररावांची सायकल आडवी झाली.

"आठवण न्हवं, रावसाहेब. एक काढलं तर तुमची सायकल पडली. समदी काढल्यावर सायबाची जीप कुठं जाईल, ते तुमीच बघा."

गंगाधररावांनी सायकल उचलून हँडल पुसलं. "साहेबांनी विचारलं तर?"

"मैलकुली ऐकत न्हाई म्हणा. नाव सांगा माझं."

"तेवढा खड्डा भरून घे," म्हणत ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते. सकाळीच गावातल्या बाया माळेसाठी फुलं न्यायला आल्या. शेजारच्या आक्काताईनं हाक मारली, "आवं दाजी, तुमच्या घटाला किती फुलं ठिवू?"

"यंदा घट न्हाई आमच्यात. वरीस व्हायचंय अजून."

आक्काताईचा हात थांबला.

"न्या गं तुमी. पर फुलंच खुडा, फांद्या मोडू नका."

"हरणी असंच दटवायची," आक्काताई म्हणाली.

दुपारी जीप आली आणि धूळ उडवत गेली. आतल्या कुणी भरावाकडं पाहिलंही नाही.

ऊन उतरल्यावर यल्लाप्पा खाली उतरला. काल भरलेल्या खड्ड्यावरचा मुरूम त्यानं मोकळा केला. शेजारच्या झुडपाच्या जुन्या फांद्यांवर गेल्या साली वाळलेल्या चार शेंगा राहिल्या होत्या. त्या चुरून त्यानं बिया टाकल्या आणि टाचेनं दाबायला लागला. हरणाबाईची टाच लहान होती. म्हणून तो पाय जरा हलकेच टेकवत होता.