पेट्रोल जातं कुठे

टेकचंद शेठचा धाकटा भाऊ जपानातलं दुकान आवरून उल्हासनगरला परतला, तेव्हा बोटीतून आपली गाडीही घेऊन आला. पण इथे त्याचं मन रमेना. वर्षभरात तो दुबईला गेला आणि गाडी शेठच्या गळ्यात पडली. गाडी तशी जुनीच, पण ब्याण्णव साली उल्हासनगरच्या कॅम्प पाचात तिच्यासारखी दुसरी नव्हती. शेठच्या शर्टांच्या कारखान्याच्या दारात ती पांढरी गाडी उभी असली की आलेलं गिऱ्हाईक आधी तिच्याभोवती एक चक्कर मारायचं आणि मग आत यायचं.

गाडी महिपती चालवायचा. बारवी धरणाच्या अंगाला त्याचं गाव, राहायला बदलापूरला, कात्रपच्या एका चाळीत. त्याच कारखान्याचा टेम्पो भगवंतकडे होता. दोघे एकाच गावचे. भगवंतच्या हातात स्टिअरिंग पहिल्यांदा दिलं ते महिपतीनेच. आनंदनगर एमआयडीसीत तेव्हा निम्मे प्लॉट मोकळे होते. रविवारी तिथल्या रिकाम्या रस्त्यांवर महिपतीने त्याला क्लच सोडायला शिकवलं. टेम्पोवर लावलं तेही त्यानेच, शेठकडे शब्द टाकून.

मग ती जपानी गाडी पेट्रोल प्यायला लागली. टाकी भरावी आणि दोन फेऱ्यांत काटा खाली यावा. शेठने एकदोन मेकॅनिकना दाखवली. तिच्यात कार्ब्युरेटरच नाही हे बघून त्यांनी हात टेकले, नुसते प्लग पुसून दिले. महिपती सांगत होता, "शेठ, इंजिन तेल गळतंय. आधी ते बघायला हवं." पण गळतीचा आणि पेट्रोलचा काय संबंध, असं म्हणून शेठने ते कानाआड केलं. तेल कमी पडून इंजिन बसू नये म्हणून महिपती स्वतःच डब्यातून ऑइल आणून ओतायचा. संध्याकाळी रिकामा डबा घेऊन जायचा, सकाळी भरून आणायचा. ओतताना भगवंत जवळ असला तर नरसाळं धरायचा.

एके दिवशी शेठने भगवंतला आत बोलावलं. "भगवंत, तू उसका गाववाला आहेस. सच सांग. महिपती पेट्रोल विकतो क्या?"

नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण त्या आठवड्यात टेम्पोची काच पुन्हा निखळली होती, गठ्ठे उतरवून त्याची पाठ धरली होती, आणि समोरच्या खिडकीतून ती पांढरी गाडी दिसत होती.

"विकताना नाय बघितलं, शेठ," तो म्हणाला. "पण संध्याकाळी डबा घेऊन जाताना बघितलंय."

यातला शब्दन् शब्द खरा होता. बाहेर पडताना भगवंतने स्वतःची तशीच समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी शेठने महिपतीला कारखान्याच्या दारात, सगळ्यांच्या देखत उभं केलं. महिपती आधी हसला. "शेठ, डबा ऑइलचा हाय. या भग्याला विचारा ना, तोच नरसाळं धरतो."

सगळ्यांनी भगवंतकडे बघितलं. भगवंतने स्वतःच्या पायांकडे बघितलं.

"मला काय माहीत नाय, दादा."

महिपतीचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढून ठेवायला विसरलेल्या टोपीसारखं. मग त्याने खिशातून चावी काढली, टेबलावर ठेवली आणि तो चालू लागला.

गाडी भगवंतला मिळाली.

महिपतीला उल्हासनगरात पुन्हा कुणी गाडीवर घेतलं नाही. कारखानदार एकमेकांचे पाहुणे, बातमी त्याच्या आधी पोचायची. तो आनंदनगरला एका केमिकल कंपनीत ड्रम ढकलायला लागला. त्याची बायको बनूबाई बदलापूर स्टेशनाबाहेर भाजी घेऊन बसायची. ती एकदा भगवंतला समोरासमोर भेटली. भांडेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "बरं चाललंय ना, भावोजी? आमच्याकडं पण बरं हाय. फक्त चाळीतल्या बायका आधी कामाला जाताना चाव्या माझ्याकडं ठेवायच्या, आता नाय ठेवत." आणि तिने त्याच्या पिशवीत मागितल्यापेक्षा मूठभर जास्त मेथी टाकली. ती मेथी त्याला गिळवेना. घरात त्याने पोट बिघडल्याचं सांगितलं.

गाडीचं पेट्रोल मात्र तसंच उडत होतं.

भगवंत हलक्या पायाने चालवू लागला. शेठ उतरला की एसी बंद करायचा, उतार आला की गाडी न्यूट्रलला टाकायचा. काटा काही ऐकेना. मागे काळा धूर निघायचा, आत जळक्या तेलाचा वास यायचा. शेठ आता बसल्या बसल्या वाकून काटा बघू लागला होता. ती नजर भगवंतने ओळखली. ती आधी महिपतीवर होती. तो स्वतःच्या पगारातून पेट्रोल भरू लागला आणि ते बायकोपासूनही लपवू लागला. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी त्याने गाडी अंबरनाथ-बदलापूर रस्त्यावरच्या सोमाच्या गॅरेजात नेली. सोमाने पूर्वी मुंबईत परदेशी गाड्यांच्या गॅरेजात काम केलं होतं.

सोमानेही आधी चुकाच केल्या. एअर फिल्टर बदलला, फरक नाही. प्लग काढले, चारही काजळीने काळेभोर. साफ करून लावले, तर फिरून आल्यावर पुन्हा काळे. पेट्रोलचा पाइप बोटाने चाचपला, कोरडा. मग म्हणाला, "पेट्रोल जळतंय जास्त, एवढं नक्की. कशामुळं ते कळत नाय. चल, तोवर गळती तरी शोधू."

त्याने रॉकेल आणि ब्रशने सगळं इंजिन धुतलं, फडक्याने कोरडं केलं आणि त्यावर बायकांची तोंडाला लावायची पावडर भुरभुरवली. भगवंत गाडी घेऊन बदलापूरच्या बाजूला जाऊन आला. बोनेट उघडलं तर पांढऱ्या पावडरीतून तेलाची एक काळी रेघ उतरली होती. वर इंजिनाच्या झाकणाच्या कडेपासून निघालेली, खाली धुराच्या गरम पाइपापर्यंत. पाइपात प्लगसारखं काहीतरी आटे फिरवून बसवलेलं होतं, त्यातून एक वायर निघत होती, आणि रेघ बरोबर त्याच्या डोक्यावर येऊन थांबत होती. ते तेलात लडबडलं होतं.

सोमाने बोटाने ते पुसलं. "हा सेन्सर. आमचा उस्ताद दाखवायचा. हा धुरातली हवा जोखतो आणि आतल्या कॉम्प्युटरच्या पेटीला सांगतो, पेट्रोल कमी पडतंय का जास्त. आपल्या पेट्रोलमधलं शिसं याला मानवत नाय, त्यात वरून हे तेल. हा सारखा कमी कमी सांगत असणार, आणि पेटी बिचारी ओततेय." त्याने वायर ओढून काढली. "आता पेटी अंदाजानं ओतेल. चालू कर."

भगवंतने इंजिन चालू करून रेस दिली. आधी धूर तसाच आला. मग पातळ झाला. मग सायलेन्सरमागची भिंत स्वच्छ दिसायला लागली.

सोमा खूश झाला. कॉर्कच्या शीटमधून झाकणाखालचं नवं पॅकिंग कापता कापता त्याने विचारलं, "गळती जुनी हाय रे. आधीच्या ड्रायव्हरला कळली नाय?"

"कळली होती. शेठला सांगितली होती त्याने."

"मग?"

भगवंत गॅरेजच्या नळावर हात धुवायला गेला आणि बराच वेळ धूत राहिला.

त्याने दुरुस्तीचे पैसे स्वतः दिले. त्याच दिवशी शेठला सांगायचं असं तो ठरवून गेला होता, पण शेठकडे पाहुणे बसले होते. दुसऱ्या दिवशी शेठ घाईत होता. मग आठवडा गेला, महिना गेला. काटा आता झरझर खाली येत नव्हता. आणि एके दिवशी मागच्या सीटवर बसलेल्या व्यापाऱ्याला शेठ मोठ्या कौतुकाने म्हणाला, "देखा साईं? ड्रायव्हर बदलला आणि पेट्रोल वाचलं. मैं बोलता था ना, तो महिपती चोर होता."

आजवर महिपतीवर नुसता संशय होता. आता पुरावा तयार झाला होता, आणि तो भगवंतने स्वतःच्या पैशाने तयार केला होता. भगवंतने गाडी कडेला घेतली.

"क्या हुआ?"

"शेठ, गाडीच पेट्रोल पीत होती. सेन्सर बिघडला होता, तेल गळून. मी सोमाकडून दुरुस्त करून घेतली. महिपतीदादाने एक थेंब चोरला नाय."

शेठ गोंधळला. "पण डबा? तूच बोलला होतास."

"डब्यात ऑइल होतं. मला ठाऊक होतं. नरसाळं मीच धरायचो."

व्यापारी खिडकीबाहेर बघू लागला. कारखान्यापाशी उतरल्यावर शेठने हात पुढे केला. भगवंतने चावी दिली.

संध्याकाळी तो कात्रपला गेला. महिपती नुकताच कामावरून आला होता, अंगाला केमिकलचा वास येत होता. भगवंतने सगळं सांगितलं आणि तो पाया पडायला वाकला. महिपतीने त्याला पाया पडू दिलं नाही, मागे सरला.

"सेन्सर व्हय," तो म्हणाला. "मला वाटलं नव्हतं तिथवर जात असेल तेल." मग थोड्या वेळाने, "शेठला सांगितलंस, ते बरं केलंस. पण मला चोर गाडीत बसून नाय ठरवलं. दारात ठरवलं. तिथं सांग."

भगवंतने दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या दारात उभं राहून सांगितलं. कारागीर होते, शेजारच्या कारखान्यांचे ड्रायव्हर चहाच्या गाडीवर उभे होते. बोलताना एक वाक्य त्याला दोनदा म्हणावं लागलं. काहींनी ऐकलं, काहींनी डबे उघडले. एक ड्रायव्हर म्हणाला, "म्हणजे चोर तूच की रे," आणि दोघे हसले. एका म्हाताऱ्या शिंप्याने मात्र "महिपतीला कळवतो," एवढंच म्हटलं आणि तो आत गेला.

शेठने महिपतीला परत गाडीवर येण्याचा निरोप धाडला होता. महिपती गेला नाही. वर्षभराने त्याच केमिकल कंपनीने त्याला कामगारांच्या बसवर ड्रायव्हर म्हणून घेतलं. भगवंतला अंबरनाथच्या एका लाकडाच्या वखारीत टेम्पो मिळाला. कधी रस्त्यात दोन्ही गाड्या समोरासमोर येतात. भगवंत वेग कमी करतो. महिपती स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलतो, कुठलाही ड्रायव्हर कुठल्याही ड्रायव्हरला उचलतो तशी, आणि बस पुढे निघून जाते.